अर्धी दाढी

रविवारी सकाळी साडेआठच्या सुमारास, शहराच्या मोठ्या मॅरेथॉनचा तीन चतुर्थांश भाग जिथे सरलेला असतो त्या वळणावरील एका केशकर्तनालयात, खुर्चीत बसलेल्या माणसाचा डावा गाल स्वच्छ झाला होता आणि उजव्या गालावर फेस तसाच होता.

तो दुकानमालकाचा मेव्हणा होता.

"दाजी, धावण्यात बघायचं काय? कुत्रं मागे लागलं की सगळेच धावतात."

"तोंड मिट. वस्तरा लागेल."

मेव्हण्याने तोंड मिटले नाही. "ताई म्हणते, तुमचं वर्षभर हेच चालतं. घरात कोणी ऐकत नाही, म्हणून आरशाला सांगता."

यात खोटे काही नव्हते. आपण दरवर्षी या वळणावर जे पाहतो, ते आपल्या माणसांपैकी एकाने तरी पाहावे, एवढीच दुकानमालकाची इच्छा होती. आणि म्हणूनच त्याने मेव्हण्याला नेमके या वेळी दाढीला बोलावले होते.

बाहेर शर्यतीच्या पुढे चालणाऱ्या मोटारसायकलींचा आवाज झाला. त्याने वस्तरा खाली ठेवला.

"ऊठ. त्या औषधाच्या दुकानापर्यंत पहिल्या धावपटूंच्या बरोबरीनं पळून दाखव. जमलं, तर पुन्हा हा विषय मी काढणार नाही."

"असाच? फेसासकट?"

"असाच."

मेव्हणा हसत पदपथावर उतरला. शाळेत धावण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

सगळ्यांत पुढचे दोघे धावपटू वळणावरून आले. त्यांच्या येण्यात घाई दिसत नव्हती. खांदे स्थिर होते, हात सैल होते, आणि पावलांचा आवाज मऊ कापड झटकल्याइतकाच होता. तरीही रस्त्याकडेची झाडे विश्वास बसणार नाही इतक्या झपाट्याने त्यांच्या मागे पडत होती. दुकानमालक दरवर्षीप्रमाणे श्वास रोखून उभा राहिला. पैजेचा त्याला विसर पडला.

गळ्यातले पांढरे कापड उडवीत मेव्हणा त्यांच्या शेजारून सुटला. काही पावले तो बरोबरीने होता; त्याने वळून दाजींकडे पाहिलेही. मग त्या दोघांपैकी कोणीही वेग न वाढवता अंतर पडू लागले. औषधाचे दुकान लांबच राहिले. फुलवाल्याच्या पायरीशी त्याने गुडघ्यांवर हात टेकले.

परत येऊन तो धापा टाकत खुर्चीत कोसळला. फेस ओघळून मानेवर आला होता. दुकानमालकाने वस्तरा उचलला.

"तोंड मिट."

"मिटत नाहीये."

वस्तरा हवेतच राहिला. धाप ओसरल्यावर मेव्हण्याने आरशातूनच विचारले, "ते कधीपासून पळतायत?"

"दीड तास होऊन गेला."

मेव्हण्याने मान वळवून रिकाम्या रस्त्याकडे पाहिले.

"दाजी," तो म्हणाला, "माझ्या बाजूला होता ना, त्याचं तोंड मिटलेलं होतं."