राहून गेलेला शेवटचा भाग

नववीत असताना बुद्धभूषण रोज संध्याकाळी वर्गातल्या अक्षताच्या घरी एक जपानी कार्टून पाहायला जायचा. त्यातली पोरं शाळेत कचाकचा भांडायची आणि शाळा सुटली की डोंगराएवढ्या यंत्रमानवात शिरून पृथ्वी वाचवायची. शेवटचा भाग लागायच्या आतच ते चॅनेल बंद पडलं.

वीस वर्षांनी बुद्धभूषणला तो भाग इंटरनेटवर सापडला. त्याने फोन केला मात्र, अक्षता ऑफिसातून हाफ डे टाकून, हिंजवडीचा ट्रॅफिक तुडवत त्याच्या घरी हजर! दोघंही पस्तिशीचे, अजून बिनलग्नाचे, सोफ्यावर मांडी ठोकून बसले. शत्रूचं यान फुटलं तेव्हा त्यांनी असा काही गलका केला की खालच्या मजल्यावरचे काका “आज मॅच आहे का?” असं विचारायला वर आले.

काका गेले. पडद्यावर नायक यंत्रमानवातून उतरला, वर्गातल्या आपल्या मैत्रिणीसमोर उभा राहिला आणि नुसताच लाजत बसला.

“अरे बोल की, गाढवा!” बुद्धभूषण टीव्हीवर खेकसला. “अख्खी पृथ्वी वाचवलीस, आणि तिला एवढं साधं सांगता येत नाही?”

“मी नववीपासून हेच म्हणतेय,” अक्षता म्हणाली. ती टीव्हीकडे बघतच नव्हती.