गाळलेली ओळ

चर्चमध्ये सगळे प्रभूची प्रार्थना म्हणू लागले, की एका ओळीला कात्रीनचे ओठ मिटत: ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो.’ तिच्या पास्कलची बोट समुद्रानं गिळली, तेव्हापासून सात वर्षं हे असंच.

“देव बहिरा नाय गं,” शेजारी बसलेली जाऊ कोपर मारायची. “ओळ कोण खातं, ते कळतं त्याला.”

“कळू दे. त्यानं माझं पोर खाल्लं, मी त्याची ओळ खाल्ली.”

खरं कारण जावेलाही ठाऊक नव्हतं. रोज पहाटे उंबऱ्याबाहेर ओली, खारट पावलं उमटलेली असत. कात्रीन ती गुपचूप पुसायची. ओळ म्हटली तर पोरगं यायचंच थांबेल, ही धास्ती.

त्या रविवारी मात्र पावलांभोवती पाण्याचं तळं साचलं होतं. रात्रभर तिथंच उभं होतं की काय? दमलं असेल बिचारं. आणि त्याला अडवून कोणी धरलंय? मीच ना!

चर्चमध्ये ती ओळ आली. जावेचं कोपर हवेतच राहिलं.

“तुझ्या इच्छेप्रमाणे होवो,” कात्रीन म्हणाली. “त्याला सांभाळ. आता मलाही.”

सोमवारी उंबरा कोरडा होता. फडकं घेऊन ती खाली बसली आणि तो कोरडा उंबराच तिनं सावकाश पुसला.