शिमेवरचा राखणदार

दरवर्षी भात पोटरीला आले की आमच्या पेडण्याच्या गावातले गोकुळदास गावकर दोन गावांच्या शिमेवरच्या राखणदार देवापुढे दारूची बाटली ठेवून गाऱ्हाणे घालतात, “भातावरचे तुडतुडे शिमेपलीकडे घालव म्हाराजा.” आम्ही मागून “व्हय म्हाराजा” म्हणतो. त्या दिवसांत वाराही पलीकडेच वाहायचा, त्यामुळे देवाला फारसे कष्ट नव्हते.

यंदा हवामान बिघडले, वारा उलटा फिरला आणि पलीकडून आलेल्या तुडतुड्यांनी रस शोषून आमचे भात जाळून टाकले. गोकुळदास तावातावाने पलीकडच्या गावच्या रोहिदास मानकऱ्यांकडे गेले. “तुमचे तुडतुडे आमच्याकडे कित्याक धाडलास?”



रोहिदास शांतपणे म्हणाले, “आमी पण दरवर्सा ह्याच राखणदाराक ह्याच सांगतंव. त्येना यंदा पयल्यांदाच आयकल्यान.”