गिरणीतला फोन

एक. संयोगितानं पुन्हा मोजलं. पुन्हा एकच.

सहा महिने ती कराडला बसून एका ॲपवर राबली होती, आणि ते बसवलेला फोन एकच. रहिमतपूरकडच्या एका गावातली पाणी सोसायटी. कुणाच्या उसाला पाणी कधी सुटणार, ती पाळी ॲपवर दिसायची. चेअरमन मानसिंगरावांनी बजावलं होतं, "आज पाचापतुर शंभर फोनांवर ॲप बसलं न्हाई, तर उद्यापासनं पाळी परत फळ्यावर." आणि पावणेपाच वाजले होते.

सर्व्हरकडे पाळी मागताना फोन स्वतःची खबरही द्यायचा. पाळीचं पान नुसतं ब्राउझरच्या टॅबात उघडलंय, का फोनवर बसवलेलं थेंबाचं चित्र दाबून ॲप म्हणून पूर्ण पडद्यावर. हे ओळखणारा कोड तिनं तीनदा तपासला. कोड बरोबर होता, लोकांनीच ॲप घेतलं नव्हतं. टॅबातून पाच-सहा जण पहिल्या आठवड्यात डोकावून गेले, तेवढेच. तिचे डोळे चुरचुरत होते. मरू दे सगळं, लॅपटॉप मिटावा आणि गपगार पडावं, असं तिला झालं होतं.

त्यात त्या एका फोनानं उच्छाद मांडलेला. दिवसात त्रेसष्टदा पाळी मागणारी रिक्वेस्ट! आताही एक येऊन पडली. बिघडलंय मेलं, ती पुटपुटली. नंबर राहीबाईंचा, गावच्या गिरणीवाल्या. तिनंच त्यांच्या फोनवर थेंबाचं चित्र बसवून दिलं होतं. तिनं फोन लावला.

"मावशी, तुमचं ॲप सारखं आपोआप उघडतंय. काढून टाकू का?"

"अगं बया! आपोआप कशाला उघडंल?" गिरणीच्या घरघरीवर राहीबाईंनी आवाज चढवला. "मला कुठं वाचता येतंय? दळान घेऊन येईल त्याला म्हनते, आदी थेंब दाब, समद्यांच्या पाळ्या मोठ्यानं वाच, मग दळान. आख्खं गाव हितंच ऐकतंय. घरोघरी कशाला पायजे?"

संयोगिताला हसू आणि रडू एकदमच आलं.

"आणि आत्ता कुणी दाबलं?"

"आत्ता व्हय? मानसिंगराव की! गव्हाचा डबा घेऊन हुबं हायत. त्यांची पाळी उद्याच्याला हाय, दोनदा वाचून घेतली."

पाचच्या ठोक्याला मानसिंगरावांचाच फोन आला. मागं तीच घरघर.

"किती फोन झालं मग?"

"एक," संयोगिता म्हणाली. "तुमचं दळण झालं का, साहेब?"