शांतिनाथांची भूमिका

"डावा खांदा जरा पाडा, पिराजीभाऊ. दमून घरी आले की बाबांचा खांदा असाच पडायचा," प्राची कॅमेऱ्यामागून म्हणाली.

पिराजीने खांदा पाडला.

शिवाजी पेठेतल्या त्या जुन्या हॉलच्या रंगमंचावर एक खुर्ची, एक पाट आणि तांब्या, एवढंच घर मांडलं होतं. नामवंत नट शांतिनाथ स्वतःच्या घरी कसे वावरत, ते पिराजीने करायचं. समोर त्यांची बायको अक्काताई. प्राची त्या दोघांची मुलगी. नट निघून गेल्यावर त्याचं असणं मागे उरतं का, हे तिला माहितीपटात शोधायचं होतं.

पिराजीने लगेच होकार दिला होता. लहानपणी गडहिंग्लजच्या जत्रेत त्याने दाढीमिशा लावलेला, शेला फिरवणारा त्यांचा राजा पाहिला आणि तेव्हापासून तो नाटकाचाच झाला. पाया पडायचं मात्र राहून गेलं.

"शेवटी काय झालं वो त्यांस्नी?" त्याने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"ते आत्ता नको. तुम्ही फक्त बाबा व्हा."

अक्काताईंनी ठसठशीत कुंकू लावलं होतं. कॅमेऱ्यासाठी बाईंना हेही करावं लागतंय, असं वाटून पिराजीने नजर वळवली.

पहिल्या रांगेत मफलर गुंडाळलेला एक वाळकुडा म्हातारा टक लावून बसला होता. पिराजीने तिकडे पाहिलं तेव्हा अक्काताई हळूच म्हणाल्या, "बसू द्यात. नाटकाची लई हौस हाय त्यांस्नी."

"चला," प्राची म्हणाली.

पिराजी उंबरा ओलांडल्यासारखा आत आला. शांतिनाथांच्या खर्जात त्याने विचारलं, "जेवलीस का न्हाईस, अक्काताई?"

"तुमच्याबिगर घास उतरतोय व्हय?" त्या म्हणाल्या. पुढचं कुणी लिहून दिलेलं नव्हतं. "कुठं गेलतासा वो? किती हाका मारल्या. येकदाबी वळून बघितलं न्हाईसा."

पिराजी पाटाशी खाली बसला. "आलोय न्हवं आता. रडू नगंस."

अक्काताईंनी पदरात तोंड खुपसलं.

प्राचीने कॅमेरा बंद केला. पिराजी डोळे पुसत पायऱ्या उतरला. म्हातारा टाळ्या वाजवत होता. प्राचीने त्याच्यापुढे गुडघे टेकून त्याचे दोन्ही हात धरले.

"बाबा, ह्यो कोण, वळखलंसा?"

पिराजी जागच्या जागी थिजला.

म्हाताऱ्याने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मान हलवली.

"न्हाय बा. पण नट झकास हाय की! कुणाची नक्कल करतोय ह्यो?"