कुंडीआडचा शब्द

तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत तिला चांगलाच दम लागला होता. दाराशी पाटी होती, या शहरात भाड्याने जागा देणाऱ्यांना कायद्याने लावावीच लागते ती. धर्म, वर्ण, वय, अपंगत्व यांवरून कुणालाही नाकारता येणार नाही, असं लिहिलेली. एक शब्द मात्र कुंडीआड गेला होता. तिने कुंडी वीतभर सरकवली. ‘गरोदरपण.’ कुंडी पुन्हा जागेवर ठेवून तिने घंटी दाबली.

घरमालकिणीने हसतमुखाने दार उघडलं. मग तिची नजर पोटावर गेली आणि हसू जागच्या जागी विरलं.

“फोनवर काही बोलला नाहीत.”

“कशाबद्दल?”

“नाही, असंच. या, बसा आधी.”

बाई तशी वाईट नव्हती. खुर्ची दिली, पंखा लावला, पाणी आणलं.

“पहिलटकरीण?”

“हो. नववा लागलाय.”

“आणि पावलांना जराही सूज नाही! नशीबवान हो. माझ्या पायांचे नुसते खांब झाले होते.”

तिने पाय खुर्चीखाली ओढून घेतले. सोमवारच्या आत इथून स्पष्ट हो किंवा नाही मिळायलाच हवं होतं. गुळमुळीत उत्तर काही कामाचं नव्हतं.

“सध्या बहिणीकडे आहे,” ती म्हणाली. “दीड खोली, माणसं सहा. जमिनीवर गादी टाकून झोपायचं. उठायला दोघांनी हात द्यावा लागतो. बाळाला घेऊन जायचं कुठे?” बोलताना तिचा आवाज खरोखरच कापला.

घरमालकीण खिडकीकडे बघत राहिली. “मलाही मन आहे हो. पण जागा गेली. सकाळी एक मुलगी पाहून गेली. एकटी, नोकरीवाली. शब्द देऊन बसलेय.”

“पक्कं?”

“अगदी पक्कं. आणि खरं सांगू? तान्ह्या बाळाची रडारड खालच्यांना चालत नाही. म्हणजे, जागा असती तरी...”

“मग दारावरची ती पाटी?”

“ती होय? ती काय, सगळेच लावतात.”

जिना उतरताना तिने एकदाही कठडा धरला नाही.

कोपऱ्यावर गाडी थांबली होती. ती पुढच्या सीटवर बसली. “सकाळच्या मुलीला दिली म्हणते. शब्द दिलाय म्हणे.”

“मला?” गाडी चालवणारी मैत्रीण म्हणाली. “मी तर साडेदहालाच नको म्हणून कळवलं. ‘परत विचार करा, रिकामीच आहे’ म्हणाली.”

तिने वहीत साडेदहाची आणि आत्ताची, दोन्ही वेळा लिहून घेतल्या. मग झग्याआड हात घालून पट्टे सोडले आणि पोट काढून मागच्या सीटवर ठेवलं. मागे बसलेल्या बाईने अंग चोरून त्याला जागा करून दिली.

“महिन्यापूर्वी मलाही अगदी हेच म्हणाली होती,” ती बाई म्हणाली. “आता तुम्ही दोघींनी साक्ष दिल्यावर तरी सोमवारी न्यायाधीश माझं ऐकतील ना?” तिची पावलं सुजून चपलांत मावत नव्हती.