दहा पावलांवरचा बूबी

"अजून दहा पावलं पुढे जा की काका. एवढ्या लांबून फोटोत नुसता ठिपका येईल," दिनार करवादला. बूबी आधी त्यालाच दिसला होता, कड्याच्या टोकाशी एका कपारीत पंख ढिले टाकून पडलेला.

"वादळातून दमून आलाय रे. आता उठवला तर समुद्रात पडून मरेल."

या दुर्मीळ समुद्रपक्ष्यासाठी काकांनी तेरा पावसाळे कोकणातले कडे पालथे घातले होते. त्यांनी कॅमेरा पिशवीत टाकला आणि दुर्बीण दिनारला दिली. दिनार बघतच राहिला, आधी पक्ष्याकडे, मग काकांकडे.

तेवढ्यात मोठाले कॅमेरे घेतलेली चौकडी धापा टाकत वर आली. "बूबी दिसला का हो?"

काकांना खोटं बोलता येईना.

"कसला बूबी? सकाळपासून चिटपाखरू नाही इथं," दिनारनं ठोकून दिलं. "चला काका, निघायला हवं आता."